आडवा पाऊस, उभा पाऊस: एसक्यूएलमध्ये कॉलमच्या ओळी कशा करायच्या?

आजचा विषय एसक्यूएलचा, पण उदाहरण आपल्या पावसाचं. स्क्रीन समोर नसली तरी चालेल, नुसतं ऐका.

आपल्या नांदेड जिल्ह्यात १६ तालुके. समजा, 'पाऊस' नावाचं एक टेबल आहे. किनवट, माहूर, देगलूर, मुखेड... प्रत्येक तालुक्याची एक ओळ. पुढे चार कॉलम: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. माणसाला वाचायला झकास. पण 'सगळ्यात कोरडा महिना कोणता, आणि कुठे?' असं विचारलं की क्वेरी लांबत जाते. कारण इथे महिना हा डेटा नाहीच, ते कॉलमचं नाव आहे.

मग टेबल उभं करायचं. कॉलम तीनच: तालुका, महिना, मिलिमीटर. १६ गुणिले ४, म्हणजे ६४ ओळी. उद्या ऑक्टोबर आला तर नवा कॉलम नको, फक्त १६ ओळी वाढतील.

करायचं कसं? सगळीकडे चालणारा रस्ता म्हणजे युनियन ऑल. चार सिलेक्ट लिहा. पहिल्यात तालुका, 'जून' हा शब्द आणि जूनचा आकडा. दुसऱ्यात जुलै. असंच पुढे. 'ऑल' विसरू नका. नुसतं युनियन एकसारख्या ओळी गाळून टाकतं. पोस्टग्रेसमध्ये हेच काम क्रॉस जॉइन लॅटरल आणि व्हॅल्यूज वापरून आटोपशीर होतं. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलमध्ये तर थेट अनपिव्हॉट आहे.

आता खरी मेख ऐका. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नल म्हणजे नोंदच नाही, पर्जन्यमापक बंद असेल किंवा आकडा आला नसेल. अनपिव्हॉट नलच्या ओळी गुपचूप वगळतं. ओरॅकलमध्ये 'इन्क्लूड नल्स' लिहून त्या राखता येतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती सोय नाही, तिथे क्रॉस अप्लाय आणि व्हॅल्यूज वापरा. युनियन ऑल मात्र नल जपतं.

एवढा अट्टाहास कशाला? खरीप, पीक विमा, दुष्काळ, आपल्याकडे सगळी चर्चा पावसाच्या आकड्याशी येऊन थांबते. ओळच गायब झाली, तर नोंद राहिली होती हेसुद्धा कुणाला कळत नाही. आणि नलच्या जागी शून्य भरलं, तर न मोजलेला महिना कोरडा ठरतो.

म्हणून मी शेवटी एकच क्वेरी चालवतो: काउंट स्टार. ६४ आले तर पुढे जायचं. ६१ आले तर आधी त्या तीन ओळी शोधायच्या.

पुढच्या भागात उलटा प्रवास: ओळींचे कॉलम, म्हणजे पिव्हॉट. भेटू!