शेवटची पंधरा मिनिटे आणि शिल्लक ताकद

वसई-विरारच्या मैदानांवर महाविद्यालयीन मुलांचे फुटबॉल सामने पाहणाऱ्यांना एक अनुभव नेहमी येतो. दोन संघ तुल्यबळ असले की सामना अखेरपर्यंत अटीतटीचा राहतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत एक संघ ढेपाळतो. त्या मुलांचे कौशल्य आटलेले नसते. आटलेली असते ती कौशल्य वापरण्याची ताकद. सतत धावून स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा घटतो, पाय जड होतात, निर्णय क्षणभर उशिरा होतो. ज्याने आधी महिनोन्महिने व्यायाम करून ताकद साठवली, तोच अशा वेळी तग धरतो.

दुसरा आधार राखीव फळीचा. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्स अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ असा मागे होता. प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी मध्यंतराचीही वाट न पाहता ४१व्या मिनिटाला दोन आणि ७१व्या मिनिटाला आणखी दोन खेळाडू बदलले. पुढे ८०व्या व ८१व्या मिनिटाला किलियन एम्बापेने दोन गोल केले. पहिल्या गोलची पेनल्टी मिळवणारा, दुसऱ्यासाठी चेंडू हिसकावणारा आणि अखेरचा पास देणारा, हे तिघेही बदली खेळाडूच होते. फ्रान्स शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये हरला, हेही खरे. राखीव फळी विजयाची हमी देत नाही. हातून निसटलेली संधी परत मिळवून देते.

वार्धक्यातही हेच दोन आधार कामी येतात.

एरवी हिंडते-फिरते असलेले आजोबा न्यूमोनियाने आठवडाभर रुग्णालयात राहतात. आजार बरा होतो, पण त्यांना खुर्चीतून उठवत नाही. अमेरिकेतील एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे सुमारे १ किलो स्नायू घटले. म्हणून ताकद आजारापूर्वीच साठवायला हवी. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूबळाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचवते. घरी एक चाचणी करून पाहावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा. जवळ कोणीतरी उभे असावे. १५ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पायांची ताकद घटली आहे असे समजून डॉक्टरांना भेटावे. रोजच्या जेवणात डाळ, दूध, अंडी वा मासळी असावी; मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. छातीत दुखणे वा धाप लागणे असल्यास तपासणीवाचून व्यायाम सुरू करू नये.

राखीव फळीचा प्रश्न मात्र रुग्णाचा नसून घराचा आहे. आपल्याकडे घरातील कमावती माणसे पहाटेची लोकल गाठतात आणि रात्री परततात. दिवसभराची शुश्रूषा बहुधा एकाच सुनेवर, मुलीवर किंवा स्वतः सत्तरी ओलांडलेल्या पत्नीवर पडते. हा बदली खेळाडू नसलेला संघ होय. तिची कंबर धरली, तिच्याच रक्तदाबाच्या गोळ्या चुकू लागल्या, तर दोन रुग्ण होतात.

बदली खेळाडू सरावाशिवाय उतरत नाही. म्हणून घरातील दुसऱ्या व्यक्तीने इन्सुलिन देणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, आधार देऊन उभे करणे आजच शिकून घ्यावे. औषधांची नावे, मात्रा, वेळा आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून भिंतीवर लावावा. आठवड्यातून किमान अर्धा दिवस शुश्रूषा दुसऱ्याकडे सोपवावी आणि तो दिवस आधीच ठरलेला असावा. काळजीवाहू व्यक्ती कोलमडल्यावर मदत शोधू नये. ती उभी असतानाच तिला विश्रांती द्यावी. येत्या रविवारी घरातल्या कोणी हा भार उचलायचा, एवढे आजच ठरवले तरी पुरे.