रेतीतले शंख (७) : ही पिल्लं तर नव्हेत?

या आठवड्यात नव्या जातींच्या बारशाला बसायचं ठरलं होतं. पण रेवदंड्याच्या एका वाचकांनी काडेपेटीतून रेती पाठवली, सोबत एका ओळीचा प्रश्न : ‘तुम्ही वेगळी जात म्हणता ते बारके शंख मोठ्या शंखांची पिल्लं कशावरून नाहीत?’ मूल कोणाचं हेच ठरलं नसेल तर नाव काय ठेवायचं! बारसं पुढे ढकललं.

प्रश्न बाळबोध वाटेल, पण इथे भल्याभल्यांनी ठेच खाल्ली आहे. पिल्लाला नवी जात समजून थाटात नाव दिलं आणि पुढे ते मागे घ्यावं लागलं, असं पुष्कळदा झालंय.

गोगलगाय घर बदलत नाही, वाढवते. नवा थर तोंडाच्या कडेला चढतो, जुनी वेटोळी जागच्या जागी राहतात. म्हणून आधी तोंड बघायचं. पिल्लाची कड कागदासारखी पातळ असते. बऱ्याच जातींत वाढ पुरी झाली की ओठ जाड होतो, कधी आतून दातही येतात. चार मिलिमीटरच्या शंखाला आठ वेटोळी आणि जाड ओठ असेल, तर तो पोर नव्हे, बुटका बाप्या.

सगळ्याच जातींचा ओठ जाड होत नाही. मग टोकाकडे वळायचं. अंड्यात आणि डिंभावस्थेत घडलेला बालशंख, म्हणजे प्रोटोकाँक, तिथेच असतो. तो संपतो तिथे पुष्कळदा स्पष्ट रेघ दिसते आणि पुढे नक्षी बदलते. शंका आली की बारका शंख संशयित ‘आईच्या’ टोकाशेजारी ठेवून भिंगातून ताडून पाहायचा. पिल्लू असेल तर दोन्ही टोकं जुळतात.

हे टोक आणखीही बोलतं. बारीक सुरुवात आणि तीन-चार वेटोळी म्हणजे पिल्लू पाण्यात तरंगत, प्लवक खात वाढलं. फुगीर घुमट आणि जेमतेम दीड वेटोळं म्हणजे ते अंड्यातल्या शिदोरीवर वाढून थेट तळाशी उतरलं. दोन शंख अंगाने जुळे, पण टोकं अशी भिन्न असली, की वर्णन करणारा कान टवकारतो : जाती दोन असाव्यात.

आणि असे बुटके बाप्ये थोडेथोडके नसतात. न्यू कॅलेडोनियातल्या कूमाकजवळच्या २९५ चौरस किलोमीटर समुद्रातून मृदुकाय प्राण्यांच्या २,७३८ जाती मिळाल्या. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एक तृतीयांश जाती पूर्ण वाढूनही ४.१ मिलिमीटरच्या आत, आणि दर पाचातल्या एका जातीचा हाती एकच नग! त्याचं टोक मोडलेलं निघालं तर माणसाने कपाळावर हात मारावा.

आपल्याकडेही टोकं वाचायचं काम उरलेलं आहे. अ‍ॅलेक्झांडर अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी मुंबईत वेचलेल्या शंखांतून शंख-अभ्यासक मेलविल यांनी १८९३ मध्ये २५ नव्या जाती वर्णिल्या. टोकाची बारीक नक्षी दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तेव्हा जन्मायचा होता. त्या शंखांची टोकं आजच्या नजरेने वाचावीत, ही माझी जुनी हौस.

आता काडेपेटीचा निकाल. सात शंखांपैकी पाच पिल्लंच. तुमची शंका रास्त. सहावा बुटका, पण वयात आलेला. सातव्याचं टोक लाटांनी घासून गुळगुळीत केलंय, त्याच्याबद्दल मी गप्प. पुढच्या खेपेला भरतीच्या रेषेवरची रेती नको. ओहोटीला खडकावरचं मूठभर शेवाळ बादलीभर पाण्यात झटका आणि खाली बसेल ते पाठवा. जिवंत शंखांची टोकं बहुधा शाबूत असतात.

बारसं पुढच्या आठवड्यात. काडेपेटी वेळेवर आली नाही तर.