आधी पाणी, मग बटण

समजा, जानेफळच्या शिवारात एका विहिरीवर नवाकोरा पंप बसलाय. शेतकऱ्याच्या हातात माहितीपत्रक आहे आणि त्यात छापलंय, ‘मोटर सुरू करा. त्यापूर्वी पंपात पाणी भरलेले असावे.’ दोन्ही वाक्यं खरी. तरी पंप बिघडू शकतो! कारण माणूस पहिलं वाक्य वाचतो आणि बटण दाबतो.

आत काय घडतं बघा. पंपातलं गरगर फिरणारं पात्यांचं चाक, म्हणजे इंपेलर, पाणी बाहेर भिरकावतं, मागे दाब घटतो आणि विहिरीतलं पाणी वर चढतं. पण आत नुसती हवा असेल तर? हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी, म्हणून ओढही तेवढीच दुबळी. पाणी जेमतेम इंच-दोन इंच हलतं. तिकडे सील कोरडं घासत तापत राहतं. शेतकरी म्हणतो, ‘मोटरनं एअर धरली.’

यावर इलाज काय? दोन वाक्यांची अदलाबदल, बस्स!

पण पत्रक लिहिणाऱ्या इंजिनिअरला हे दिसत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. आधी पाणी भरायची सवय त्याच्या हातात इतकी मुरलेली असते की ते सांगावं लागतं, हेच त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून माहितीपत्रक असो की कुठलाही तांत्रिक लेख, छापण्याआधी तो दोघांनी वाचावा. जाणकार आकडे आणि दावे तपासतो. अजाण वाचक विचारतो, ‘पंप भरला हे ओळखायचं कसं?’ मग इंजिनिअर सहज सांगतो, ‘बुडबुडे यायचे थांबले की.’ लेखातलं सगळ्यात मोलाचं वाक्य असं एका भाबड्या प्रश्नातून निघतं! सॉफ्टवेअरवाल्यांच्या लेखांतही हेच. ‘जुनी फाइल पुसा’च्या आधी ‘प्रत काढून ठेवा’ यायला हवं.

असं लिहून-छापून कंपनीनं आपलं काम लोकांना समजावून सांगायची धडपड आपल्याकडे किती जुनी असेल? लोखंडी नांगरानं जमीन नासते, अशी समजूत असलेल्या काळात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात असे नांगर बनत होते. नांगर विकायचा तर आधी तो पटवून द्यायला हवा. १९२० साली तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचं मासिक निघालं. संपादक कोण, तर चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर! कारखान्याची खबर द्यायला निघालेलं हे मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावानं घरोघरी पोचलं. तिथूनच १९३० साली ‘स्त्री’ आलं आणि १९३४ साली ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्यातून!