लेखन मार्गदर्शन केंद्र : लेखणी विद्यार्थ्याच्याच हाती

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा गावातून असो वा जिल्ह्यातील एखाद्या दूरच्या पोडावरून, महाविद्यालयात येणारे कित्येक विद्यार्थी आपल्या घराण्यातील पहिले पदवीधर होऊ पाहत असतात. व्याख्यान समजते, माहितीही गोळा होते. परंतु प्रकल्प अहवाल लिहावयास बसले की लेखणी अडते. मग जुना अहवाल उतरवून काढण्याचा किंवा संगणकाकडून मजकूर तयार करून घेण्याचा मोह होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास कारवाईची तरतूद आहे. तथापि केवळ शिक्षेच्या धाकाने लिहिता येत नाही. त्यासाठी मार्गदर्शन हवे.

केंद्राची कार्यपद्धती

ही गरज ओळखून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने 1934 मध्ये, तर पर्ड्यू विद्यापीठाने 1976 मध्ये लेखन प्रयोगशाळा सुरू केली. अशा केंद्रात विद्यार्थी आपला कच्चा मसुदा घेऊन येतो. मार्गदर्शक तो दुरुस्त करून देत नाही. तो प्रश्न विचारतो.

समजा, लोहाऱ्याच्या एका विद्यार्थिनीने गावातील विहिरींच्या पाणीपातळीवर अहवाल लिहिला आहे. आरंभीची चार पाने पाण्याच्या महत्त्वावर असून तिने स्वतः केलेल्या मोजणीस शेवटी जेमतेम अर्धे पान मिळाले आहे. “तुम्हाला नवीन काय आढळले?” असे विचारताच ती मोजणीविषयी भरभरून बोलू लागते. “हेच आधी लिहा,” एवढेच मार्गदर्शक सांगतो. अहवालाची मांडणी बदलते, पण शब्द तिचेच राहतात.

बोली आणि प्रमाणभाषा

या जिल्ह्यात वऱ्हाडी, बंजारा, गोंडी व कोलामी या भाषा व बोली घरोघरी बोलल्या जातात. वऱ्हाडीत ‘शाळा’चा उच्चार ‘शाया’ असा होतो. हा दोष नव्हे, ते बोलीचे रूप होय. अहवालापुरते प्रमाणरूप वापरावयाचे, हे मार्गदर्शकाने न हिणवता समजावून द्यावयास हवे. एकदा अपमान झालेला विद्यार्थी पुन्हा मसुदा दाखवीत नाही. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे 18 नियम आणि परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश ही साधने उपलब्ध आहेत.

अल्प खर्च, मोठा लाभ

अशा केंद्रास स्वतंत्र इमारत लागत नाही. ग्रंथालयातील एक मेज, दोन खुर्च्या, आठवड्यातील ठरावीक तास आणि ऐकून घेणारा शिक्षक वा ज्येष्ठ विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. मात्र मार्गदर्शकाने विद्यार्थ्यासाठी एकही परिच्छेद लिहून देऊ नये, हे पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल.

आजचे विद्यार्थीच उद्या ग्रामसभेचे इतिवृत्त, पाणीपुरवठ्याचा प्रस्ताव आणि शाळेचा अहवाल लिहिणार आहेत. स्वतःच्या गावाची गरज स्वतःच्या शब्दांत स्पष्ट मांडता येणे, हा ग्रामविकासाचाच एक पाया होय.