व्हिडिओ पाहून लाकडी वाडगा कातता येतो का?
खरादकाम शिकू इच्छिणाऱ्या समुद्रपूरच्या कारागिरांसाठी

पोळपाट, लाटणे, रवी, पाळण्याचे खांब, खाटेचे पाय या सर्व वस्तू एके काळी खरादावरच होत असत. पुढे स्टील आणि प्लास्टिक आले, लोखंडी पलंग आले, आणि खराद्याचे काम कमी होत गेले. सुताराचीही तीच गत झाली. तयार दरवाजे व प्लायवूडचे फर्निचर तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्यामुळे चौकट-दरवाजाच्या कामावर वर्ष निघेल याची खात्री राहिली नाही. अशा वेळी हातात हुन्नर असलेला तरुण जोडधंदा शोधतो. लाकडी वाडगा हा असा एक जोडधंदा होऊ शकतो. शहरांतील हस्तकला प्रदर्शनांत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत असे वाडगे विकायला असतात. त्याला लागणारे लाकूडही फार मोठे नसते. जळणात जाणाऱ्या ओंडक्यातून चांगला वाडगा निघतो.

अडचण आहे ती शिकण्याची. कर्नाटकातील चन्नपटण किंवा कोकणातील सावंतवाडी येथे खरादकाम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. चन्नपटणाची परंपरा टिपू सुलतानाच्या काळापर्यंत नेली जाते आणि तेथील अनेक कारागीर मुस्लिम आहेत. तेथे मुलगा बापाच्या शेजारी बसून शिकतो. समुद्रपुरात तशी पेठ नाही. म्हणून आपल्याकडचा तरुण मोबाइलवर व्हिडिओ पाहतो, मोटर विकत घेतो आणि कामाला लागतो. यात काही शिकतात, काहींचे पैसे बुडतात आणि एखाद्याच्या हाताला किंवा डोळ्याला इजा होते. व्हिडिओवरून काय शिकता येते आणि काय नाही, हे आधी समजून घेतले तर नुकसान टळेल.

खाटेचा पाय आणि वाडगा यांतील फरक

खाटेचा पाय दोन टोकांत धरून फिरवतात. त्यात लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे हत्याराला सर्व बाजूंनी लाकूड सारखेच लागते. वाडग्याचे तसे नाही. त्याचा तुकडा फेस प्लेटवर आडवा बसवतात, म्हणून एका फेरीत धारेसमोर दोनदा तंतूंची टोके येतात आणि दोनदा त्यांची बाजू येते. हत्यार चुकीच्या दिशेने चालवले की तंतू उपटले जातात, पृष्ठभाग खडबडीत होतो किंवा हत्यार अडकून जोराचा झटका बसतो.

यासाठी नियम सोपा आहे. वाडग्याची बाहेरची बाजू कातताना बुडाकडून काठाकडे जावे. आतली बाजू कातताना काठाकडून मध्याकडे यावे. ज्याला खाटेचे पाय कातण्याची सवय आहे तोही येथे चुकतो, कारण त्याचा हात जुन्या दिशेने जातो.

हत्यारही वेगळे लागते. वाडग्याची गोल पटाशी जाड, गोल दांड्याची आणि हाय स्पीड स्टीलची असते. खाटेच्या पायाचे लाकूड ओबडधोबड गोल करायची रुंद पन्हळीची पटाशी वाडग्यावर कधीही लावू नये. तिचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो आणि झटक्याने तो मोडू शकतो. सुताराची साधी पटाशीही खरादावर वापरू नये.

व्हिडिओची परंपरा नवी नाही

व्हिडिओवरून खरादकाम शिकवण्याची पद्धत मोबाइलपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात डेल स्टब्ज आणि रिचर्ड रॅफन यांच्या लाकूड कातण्याच्या व्हिडिओ कॅसेट निघाल्या. त्या पाहून घरच्या घरी काम सुरू करणारे पुष्कळ निघाले. २००५ साली यूट्यूब आले आणि २०१६ नंतर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला, त्यामुळे तेच शिक्षण गावोगाव पोहोचले.

व्हिडिओचा मोठा फायदा हा की उस्तादाचा हात थांबवून पाहता येतो. पाय कुठे आहेत, मूठ कमरेला टेकली आहे की हवेत आहे, पटाशी किती कलली आहे, हे दहा वेळा मागे नेऊन बघता येते.

मात्र तीन गोष्टी पडद्यावर कळत नाहीत. पहिली गोष्ट दाब. हात किती जोराने रेटतो आहे हे दिसत नाही. नवशिका नेहमी जास्त रेटतो. धार चांगली असेल तर रेटावे लागत नाही. दुसरी गोष्ट आवाज. धार बरोबर लागली की सळसळ असा एकसारखा आवाज येतो, आणि खडखड सुरू झाली की काहीतरी चुकले आहे. व्हिडिओवर अनेकदा संगीत घातलेले असते किंवा आवाज कमी केलेला असतो. तिसरी गोष्ट वेग. कॅमेऱ्यात फिरणारी वस्तू कधी थांबल्यासारखी, कधी उलटी फिरल्यासारखी दिसते, म्हणून पडद्यावरून वेगाचा अंदाज करू नये. शिवाय दोन तासांचे काम दहा मिनिटांत दाखवलेले असते. मधे किती वेळा धार लावली हे कापून टाकलेले असते. अनुभवी कारागीर एका वाडग्यात अनेकदा ग्राइंडरकडे जातो.

पाहण्याची रीत

एका व्हिडिओतून एकच गोष्ट घ्यावी. पहिला आठवडा फक्त धार लावण्याचा ठेवावा. बहुतेक नवशिक्यांचे काम बोथट धारेमुळे बिघडते. दुसऱ्या आठवड्यात फक्त बाहेरची बाजू कातावी, आतली बाजू त्यानंतर घ्यावी. कातणाऱ्याच्या खांद्यामागून घेतलेले चित्रण निवडावे. समोरून घेतलेल्या चित्रणात डावे-उजवे उलटे दिसते आणि गोंधळ होतो. गती अर्धी करून पाहावे, मग मोबाइल बाजूला ठेवावा. खराद चालू असताना पडद्याकडे पाहणे धोक्याचे आहे.

हत्यार लावण्याचा क्रम पाठ करावा. आधी पटाशी टूल रेस्टवर टेकवायची. मग धारेमागचा घासलेला उतार लाकडाला टेकवायचा. धार अजून लागलेली नसते. त्यानंतर मूठ हळूच उचलून धार लाकडात आणायची. बहुतेक झटके हा क्रम मोडल्यामुळे बसतात.

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून करावी. पहिला बरा जमलेला वाडगा करवतीने मधोमध कापावा. काठ पातळ, मध्ये पोट जाड आणि बूड आणखी जाड, असे सहसा निघते. बाहेरून पाहून ते कळत नाही. दोन-तीन वाडगे कापले की बोटांना जाडीचा अंदाज येऊ लागतो.

वेग आणि जीवाची काळजी

वाडग्याचा व्यास इंचात घ्या आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा. गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा, असा खरादकामातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ८ इंची वाडग्याला सुमारे ७५० ते १,१०० फेरे. तुकडा अजून गोल झाला नसेल तर त्याहूनही कमी वेग ठेवावा. साधी एक हॉर्सपॉवरची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते. मोटरवर ३ इंची आणि खरादाच्या दांड्यावर ६ इंची पुली बसवली तर ७२० फेरे मिळतात. फेस प्लेट थेट मोटरच्या दांड्यावर बसवण्याचा जुगाड काही ठिकाणी केला जातो. त्यात ८ इंची वाडग्याचा गुणाकार ११,५२० होतो. लाकूड सुटून तोंडावर येण्याची भीती येथेच असते.

तोंडावर पूर्ण पारदर्शक शील्ड हवी, साधा चष्मा पुरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गळ्यात दुपट्टा असतो, तो काढून ठेवावा. लांब बाही, अंगठी, घड्याळ, हातमोजे नकोत. चालू करण्याआधी तुकडा हाताने एकदा फिरवून टूल रेस्टला लागत नाही ना हे पाहावे, आणि बटण दाबताना वाडग्याच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे. पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट काढून टाकावा आणि नाकावर मास्क बांधावा.

लाकूड कोणते, कायदा काय

परदेशी व्हिडिओत मेपल, चेरी, अ‍ॅश अशी नावे येतात. आपल्याकडे शिवण हलके आणि कातायला सोपे, म्हणून सुरुवातीला चांगले. कडुनिंब सहज मिळतो. बाभूळ फार कठीण आहे, ती हात बसल्यावर घ्यावी. बिब्ब्याचा चीक कातडी भाजतो आणि कण्हेर विषारी आहे, म्हणून ही लाकडे वर्ज्य.

शेतातले झाड तोडण्याआधी नियम पाहावा. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, बीजा, हळदू, ऐन, खैर, चंदन इत्यादी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, झाड आपल्या मालकीचे असले तरी. वखारीतून माल घेतल्यास पावती जपून ठेवावी. लाकडाची वाहतूक आणि यंत्र बसवण्याचे नियम वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारून घ्यावेत.

ओंडका उभा चिरून मधला गाभा काढून टाकावा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. ओले लाकूड कातायला मऊ असते, पण लगेच पातळ वाडगा केला तर तो वाकडा होतो. म्हणून आधी जाड वाडगा काढतात. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ८ इंचाला सुमारे पाऊण इंच. त्याला बाहेरून मेण लावून तो भुश्यासह गोणपाटात किंवा कागदी पिशवीत ठेवावा. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली ठेवलेला ओला वाडगा तेव्हा तडकतो. सावलीची, वारा न लागणारी जागा हवी. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावे. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले. याला काही महिने लागतात. मग दुसऱ्यांदा कातून पूर्ण करावा.

खाण्याच्या वाडग्याला व्हार्निश न लावता कच्चे जवसाचे तेल पातळ थरांत लावावे. जवस तर विदर्भाचेच पीक आहे. हे तेल हळू वाळते, घाई करू नये. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ तेलात वाळवण्यासाठी धातूंची क्षारे घातलेली असू शकतात, ते जेवणाच्या भांड्याला नको. तेलाचे फडके चुरगाळून भुश्यात टाकले तर ते आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे.

हिशेब आणि विक्री

समजा, कारागिराची मजुरी वाडग्यामागे २०० रुपये धरली, त्यात १०० रुपये पहिल्या कातणीचे आणि १०० दुसऱ्या कातणीचे. दहा वाडगे वाळत घातले आणि दोन तडकले. तर पहिल्या कातणीचे १,००० आणि उरलेल्या आठांचे ८०० असे १,८०० रुपये आठ वाडग्यांवर पडतात, म्हणजे प्रत्येकी २२५. यात लाकूड, वीज, पॉलिश पेपर, तेल आणि ग्राइंडरचा चाक-खर्च मिळवावा. मग दुकानदाराचे कमिशन. तडकलेल्या मालाचा खर्च न धरल्यामुळे अनेकांचा धंदा वरून नफ्याचा दिसतो आणि आतून तोट्यात जातो.

गिऱ्हाईक जवळच शोधावे. तालुक्यातील गिरड येथे ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक येतात. जाम हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे मोठे वर्दळीचे ठिकाण आहे. सेवाग्रामला बाहेरून पाहुणे येतात. वाडगा खपायला वेळ लागतो, म्हणून त्याच खरादावर लाटणी, पोळपाट, रवी हा रोजचा माल चालू ठेवावा.

वर्ध्याला ग्रामोद्योगाची जुनी परंपरा आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला व त्याचे काम मगनवाडीतून चालले. मगन संग्रहालय १९३८ पासून तेथे आहे. ग्रामीण उद्योगांसाठी संशोधन करणारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही मगनवाडीतच आहे. तेथे एकदा जाऊन चौकशी करावी. केंद्र सरकारच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्जाची तरतूद ठेवण्यात आली. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नोंदणीची सध्याची स्थिती सेवा केंद्रात विचारून मगच हिशेब मांडावा.

आयटीआयमधील टर्नरचा अभ्यासक्रम लोखंडाच्या लेथचा असतो. तरीही पुली जुळवणे, दांडा सरळ आहे की नाही पाहणे, ग्राइंडरवर धार लावणे या गोष्टी लोखंडी लेथवर काम करणारा कोणताही कारागीर दाखवू शकतो. त्याला एक दिवस आपल्या खरादाशेजारी उभे करावे. आसपास जुना खरादी असेल तर त्याच्याकडे महिनाभर शागिर्दी करावी. वाडगा व्हिडिओवरून शिकता येतो, पण दाब किती द्यायचा आणि आवाज कुठला बरोबर, हे शेजारी उभा असलेला माणूसच सांगू शकतो. निदान पहिली मोटर घेण्याआधी असा एक माणूस गाठावा.