थरथर टिकली की रुजते

हृदयाचे वरचे दोन कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, ते एट्रियल फिब्रिलेशन. सात दिवसांहून जास्त टिकलं की 'पर्सिस्टंट'.

यावरचा माझा सर्वांत आवडता प्रयोग शेळ्यांवर झाला! 1995 साली प्रसिद्ध झालेलं हे काम नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या मॉरिट्स अलेसी यांच्या गटाचं. त्यांनी शेळ्यांच्या हृदयावर इलेक्ट्रोड बसवून थरथर मुद्दाम चालू ठेवली आणि विद्युत बदल नोंदवत राहिले. सुरुवातीला ती आपोआप थांबायची. पण स्नायूला पुढच्या ठोक्याआधी मिळणारा विसावा सुमारे 146 वरून 95 मिलिसेकंदांवर आला, आणि साधारण आठवड्याभरात बहुतेक शेळ्यांमध्ये थरथर थांबेनाच. लय पूर्ववत झाल्यावर मात्र हे विद्युत बदल आठवड्यात ओसरले. माणसात वर्षानुवर्षं टिकलेल्या थरथरीने कप्पे ताणले जातात, त्यांत तंतू वाढतात. ते इतकं सहज मागे फिरत नाही. म्हणून लवकर निदान मोलाचं.

बसवकल्याणकरांनो, नाडी अनियमित लागली, धडधड किंवा दम जाणवला तर ईसीजी काढा. कलबुर्गीत सरकारी जयदेव हृदयरुग्णालय आहे. या थरथरीमुळे झालेली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो, तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.