घरचा पहिला लहान ट्रॅक्टर

घरच्या शेतीसाठीं पहिला ट्रॅक्टर घेतांना केवळ अश्वशक्तीच्या आंकड्यास भुलूं नये, असें आम्हांस वाटतें. परभणीकडील काळी जमीन ओली असतां चाकांस चिकटते, वाळली कीं भेगाळते. तिची खोल नांगरट १५ अश्वशक्तीच्या 'युवराज २१५' सारख्या यंत्राचें काम नव्हे. ती मोठा ट्रॅक्टर भाड्यानें आणून करवावी. कोळपणी, फवारणी, शेणखताची वाहतूक हीं कामें मात्र वारंवार निघतात. लहान यंत्र त्यांसाठींच. कपाशीच्या ओळींत ३ फूट अंतर असेल, तर बाहेरून त्याहून पुष्कळ अरुंद यंत्रच निवडावें. वाफसा नसतां तें शेतांत घालूं नये. माती दबून मुळ्या खुंटतात. यंत्राचें कर्ज वर्षभर चालणाऱ्या कामांनींच फिटतें. तेव्हां घरांत बसून कामांची यादी आधीं करावी, दुकानाची पायरी मग चढावी.